उजव्या पानावर पुठ्ठा: चिनी मुलांसाठीची ‘शू-छुंग’ इंग्रजी वाचनमालिका

चीनमध्ये पुस्तकांच्या दुकानात शालेय इंग्रजीच्या कपाटापाशी उभं राहिलं की हातात सहज मावणाऱ्या बारीक पुस्तिकांचे संच दिसतात. मालिकेचं नाव ‘शू-छुंग’. शू म्हणजे पुस्तक, छुंग म्हणजे किडा. बीजिंगच्या परकीय भाषा विद्यापीठाची १९७९ साली सुरू झालेली प्रकाशनसंस्था ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या सहकार्याने १९९० च्या दशकापासून ती काढते. मूळ पुस्तकं ऑक्सफर्डच्या ‘बुकवर्म्स’ मालिकेतली, म्हणजे मोजक्या शब्दांत नव्याने सांगितलेल्या गोष्टी. चिनी आवृत्तीत डाव्या पानावर इंग्रजी असतं, समोरच्या उजव्या पानावर त्याचं चिनी भाषांतर, आणि कठीण शब्दांच्या टिपा पानाच्या तळाशी.

सिंगापूर, हाँगकाँग, शांघायमध्ये राहून किंवा घरबसल्या ऑनलाइन चिनी मातृभाषेच्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांसाठी हे परीक्षण आहे. मत आधीच सांगतो: मालिका घ्यावी. शब्दसंपत्ती वाढवायला चिनी मुलांना इतकं सोयीचं, पायऱ्यापायऱ्यांनी चढणारं वाचन दुसरीकडे सहज मिळत नाही. पण मुखपृष्ठावरच्या इयत्ता पाहून पुस्तक निवडू नये आणि उजवं पान उघडं ठेवून वाचू देऊ नये. या दोन चुका झाल्या तर मूल साठ पुस्तकं संपवतं आणि इंग्रजी होतं तिथेच राहतं.

मुळात वाचनातून शब्द का शिकवायचे? चिनी शाळांत शब्द शिकणं म्हणजे ‘पेइ तान्-त्स’, सुटे शब्द घोकणं. परीक्षांच्या शब्दयाद्या वर्णक्रमाने छापलेल्या असतात. त्यांतला पहिला मोठा शब्द ‘अबॅन्डन’, सोडून देणे. यादी उघडायची, ‘अबॅन्डन’ पाठ करायचा आणि तिथेच सोडून द्यायचं, ही चिनी विद्यार्थ्यांमधली जुनी थट्टा आहे आणि तिच्यामागचा त्रास खरा आहे. नववीअखेर अभ्यासक्रमात सुमारे १६०० शब्द अपेक्षित असतात. बारावीनंतरच्या गाओकाओ या विद्यापीठ-प्रवेशपरीक्षेसाठी विद्यार्थी ३५०० चा आकडा धरून चालतात. तैवानच्या प्रवेशपरीक्षेची संदर्भयादी सहा पातळ्यांत सुमारे ६००० शब्दांची आहे. एवढे शब्द सुटे सुटे डोक्यात भरता येतात, पण वाक्यात समोर आले की ओळखू येत नाहीत.

याची कारणं चिनी भाषेतच आहेत, आणि शिकवणाऱ्याला ती ठाऊक असणं फार गरजेचं आहे. चिनीतले बरेच शब्द आपला अर्थ उघड सांगतात. न्यू म्हणजे गाय-बैल, रोऊ म्हणजे मांस. न्यू-रोऊ म्हणजे त्याचं मांस. चू म्हणजे डुक्कर, म्हणून चू-रोऊ. इंग्रजीत मात्र ‘काऊ’ येत असून ‘बीफ’चा अर्थ लागत नाही आणि ‘पिग’वरून ‘पोर्क’ सुचत नाही. महिन्यांचंही तेच. चिनीत एक-महिना, दोन-महिना, तीन-महिना अशी सरळ मोजणी. इंग्रजीत बारा नवी नावं. संगणकाला चिनीत ‘विजेचा मेंदू’ म्हणतात आणि आगगाडीला ‘आगीची गाडी’. (आगगाडी हा शब्द मराठीनेही अगदी तसाच घडवला.) थोड्या अक्षरांच्या जोड्या लावून हजारो शब्द समजण्याची ज्या मुलाला सवय आहे, त्याला इंग्रजीचा प्रत्येक शब्द कोरा दगड वाटतो. घोकंपट्टीकडे ते वळतं ते याच कारणाने.

दुसरी अडचण रूपांची. मराठी मुलाला ‘जाणे’चं ‘गेला’ होतं हे कुणी वेगळं शिकवत नाही, म्हणून ‘गो’चं ‘वेन्ट’ त्याला विचित्र वाटलं तरी परकं वाटत नाही. चिनी क्रियापद काळ, पुरुष, वचन यांपैकी कशासाठीच बदलत नाही. ‘छ्यू’ म्हणजे जाणे. काल असो, उद्या असो, मी असो की ते सगळे, शब्द तोच. यादीतून ‘टेक’ पाठ केलेलं मूल गोष्टीत ‘टेकन’ आला की नवा शब्द समजून कोश उघडतं. यादीत शब्दाचं एकच रूप असतं. गोष्टीत सगळी रूपं येतात, तीही ओळखीच्या प्रसंगात.

तिसरी अडचण एकास-एक अर्थाची. ‘खाइ’ या एका चिनी क्रियापदात दार उघडणं, दिवा लावणं, गाडी चालवणं, सभा भरवणं एवढं सगळं मावतं. यादीत ‘ओपन’समोर ‘खाइ’ लिहिलेलं असतं, म्हणून मूल दिवासुद्धा ‘ओपन’ करतं. ‘खान’ म्हणजे बघणं आणि वाचणंही. त्यातून ‘लुक’, ‘सी’, ‘वॉच’, ‘रीड’ यांचा गुंता होतो. उसनं घेणं आणि उसनं देणं या दोन्हींना एकच ‘च्ये’ चालतो, त्यामुळे ‘बॉरो’ आणि ‘लेन्ड’ वर्षानुवर्षं उलटसुलट होत राहतात. याद्या कितीही वेळा वाचल्या तरी हा गुंता सुटत नाही. कोण कुणाकडून काय घेतंय हे डोळ्यांसमोर असेल, तरच सुटतो.

आता मालिकेच्या रचनेकडे. ऑक्सफर्डच्या मोजणीत आरंभपातळीला २५० मूळ शब्द आहेत. पुढे पहिलीला ४००, दुसरीला ७००, तिसरीला १०००, चौथीला १४००, पाचवीला १८०० आणि सहावीला २५००. ‘मूळ शब्द’ म्हणजे रूपं न मोजता. लांबीही वाढत जाते. पहिल्या पातळीचं पुस्तक साधारण ५ ते ६ हजार शब्दांचं असतं, तिसऱ्याचं १० हजारांच्या आसपास, सहाव्याचं ३० हजारांच्या घरात. मिनिटाला १०० शब्द वाचणाऱ्या मुलाला पहिल्या पातळीचं पुस्तक तासाभराचं काम आहे. सहाव्या पातळीला वेग १५० झाला तरी तीन तासांहून जास्त लागतात.

या मालिकेवर मोजणी करून झालेला एक चांगला अभ्यास आहे, आणि तो शिक्षकाने वापरावा असाच आहे. न्यूझीलंडचे शब्दसंपत्तीचे अभ्यासक पॉल नेशन आणि वांग मिंग-त्सू यांनी १९९९ साली मूळ इंग्रजी मालिकेतली ४२ पुस्तकं शब्द न् शब्द मोजली. निष्कर्ष दोन. आठवड्याला निदान एक पुस्तक झालं पाहिजे, नाहीतर नवा शब्द पुन्हा भेटेपर्यंत पहिली भेट विसरलेली असते. आणि एका पातळीवर पाचेक पुस्तकं वाचून मग वर चढावं. मधल्या आणि वरच्या पातळ्यांवर आणखी जास्त. पालक नेमकं उलटं करतात. प्रत्येक पातळीचं एक-एक पुस्तक वाचून मूल ‘तिसरीत गेलं’ म्हणून खूश होतात. त्यात कुठलाच शब्द दहा वेळा भेटत नाही, आणि एकदोनदा भेटलेला शब्द टिकत नाही.

जरा हिशेब मांडू. चीनच्या २०११ च्या शालेय अभ्यासक्रमाने नववीअखेर पाठ्यपुस्तकाबाहेरचं दीड लाख शब्दांचं वाचन अपेक्षित धरलं होतं. पहिल्या पातळीची ५ पुस्तकं म्हणजे साधारण २७ हजार शब्द, दुसरीची ५ म्हणजे ३२ हजार, तिसरीची ८ म्हणजे ८४ हजार. एकूण १८ पुस्तकं आणि जवळजवळ दीड लाख शब्द. आठवड्याला एक या वेगाने अठरा आठवडे, म्हणजे चार महिन्यांहून थोडं जास्त. सातवी ते नववी ही तीन वर्षं हातात असताना हे जमण्यासारखं आहे. ज्या घरांत जमत नाही तिथे बहुतेक वेळा कारण एकच: पहिलं पुस्तकच अवघड घेतलेलं असतं.

म्हणून पातळीची निवड. मालिकेच्या शिफारशीप्रमाणे पहिली पातळी सातवी-आठवीसाठी, तिसरी नववी-दहावीसाठी, सहावी पातळी बारावीसाठी आणि कॉलेजच्या सुरुवातीच्या वर्षांसाठी. कागदावर हे सोपंच दिसतं. नववीच्या मुलाला १६०० शब्द येतात आणि पुस्तकात मूळ शब्द १०००. पण येणारे शब्द आहेत एका चिनी अर्थापुरते, एका रूपापुरते. पुस्तकात त्यांची सगळी रूपं येतात, दुय्यम अर्थ येतात, आणि ‘गिव्ह अप’, ‘टर्न डाउन’, ‘पुट आउट’ अशा जोड्या येतात. यांतला प्रत्येक सुटा शब्द मुलाला पाठ असतो आणि जोडीचा अर्थ माहीत नसतो. मोजणीत त्या ‘ओळखीच्या’ ठरतात, वाचताना अडवतात. आमचा सल्ला असा की शिफारशीपेक्षा एक पातळी खालून सुरू करा. शाळेत इंग्रजी फक्त पाठ्यपुस्तकातूनच झालं असेल तर दोन पातळ्या.

खात्री करायची तर सोपी मोजणी आहे. पुस्तकाच्या मधलं एखादं पान उघडा, १०० शब्द मोजा आणि मुलाला अनोळखी शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारू द्या. दोनपर्यंत रेघा आल्या तर पुस्तक एकट्याने वाचण्याजोगं. तीन ते पाच असतील तर शिक्षकाबरोबर. पाचाच्या वर गेल्या तर खालची पातळी. हा दोनाचा आकडा हवेतला नाही. नेशन आणि हू यांच्या २००० सालच्या अभ्यासातून असा हिशेब निघाला की बहुतेकांना गोष्ट नीट समजायला शंभरातले ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात; ८० च ओळखीचे होते तेव्हा कुणालाही ती नीट समजली नाही. मोजताना माणसांची आणि गावांची नावं वगळा. देवनागरीप्रमाणे चिनी लिपीतही मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे नवशिकं मूल ‘मार्गारेट’लाही शब्द समजून त्याचा अर्थ शोधत बसतं. पुस्तक सुरू करण्याआधी पात्रांची नावं एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात खूण म्हणून ठेवली की हा अडथळा संपतो.

आता उजवं पान. मालिका खपते ती या पानामुळे आणि फसतेही याच पानामुळे. मातृभाषेतला मजकूर समोर असला की डोळा तो वाचतोच. ते थांबवणं मुलाच्या हातात नसतं, मोठ्यांच्याही नसतं. इंग्रजीची ओळ अडली की नजर उजवीकडे जाते, अर्थ कळतो, समाधान होतं आणि इंग्रजी शब्दाकडे परत यायचं कारणच उरत नाही. शब्द लक्षात राहायला जो क्षणभराचा अडखळा लागतो, तोच नाहीसा होतो. पानं भराभर उलटतात, मूल म्हणतं ‘सगळं समजलं’, आणि ते खोटं बोलत नसतं. गोष्ट त्याला समजलेली असते, फक्त चिनीतून.

शिवाय भाषांतर चांगलं असणं हीच इथे अडचण होते. चिनी भाषांतरकार वाचनीय चिनी लिहितो, आणि वाचनीय चिनीत चार अक्षरी म्हणींचा, ‘छंग-यू’चा, सढळ वापर असतो. इंग्रजीत ‘ती फार खूश होती’ एवढंच साधं वाक्य असतं आणि समोर आनंदाने न्हाऊन निघाल्याचा भारदस्त चार अक्षरी शब्दप्रयोग. मुलाने साधा ‘हॅपी’ त्याच्याशी जोडला की पुढे प्रत्येक ठिकाणी चुकतो. चिनीत सर्वनामं गाळतात, काळ क्रियापदात दिसत नाही, लांब इंग्रजी वाक्याचे तीन तुकडे होतात. ‘तो गेला’ आणि ‘तो त्याआधीच गेलेला होता’ हा फरक डाव्या पानावर स्पष्ट असतो आणि उजव्या पानावर अनेकदा पुसला जातो. ज्या गोष्टी चिनी मुलाने मुद्दाम पाहाव्यात, त्याच समोरचं पान झाकतं.

उपाय एका पुठ्ठ्याचा. पुस्तकाच्या पानाएवढा जाड पुठ्ठा कापा आणि उजव्या पानावर ठेवा. कागद चालत नाही, तो सरकतो आणि त्यातून अक्षरं दिसतात. प्रकरण संपेपर्यंत पुठ्ठा हलवायचा नाही. वाचताना अडलेल्या शब्दाखाली बारीक रेघ मारून पुढे जायचं. कोश नाही, तळटीपही नाही. प्रकरण संपल्यावर रेघा मारलेल्या शब्दांतून पाचच निवडायचे. निवडताना दोन कसोट्या: शब्द त्या प्रकरणात पुन्हा आला का, आणि त्याच्यावाचून गोष्ट अडली का. या पाचांचा अर्थ आधी मुलाने वाक्यावरून सांगायचा, मग तळटीप पाहायची. सगळ्यात शेवटी पुठ्ठा काढून फक्त त्या पाच वाक्यांपुरतं चिनी वाचायचं आणि काय वेगळं आहे ते बोटाने दाखवायचं. उजवं पान अशा रीतीने वापरलं तर सोनं आहे. इंग्रजीत काय होतं आणि चिनीत काय गळलं, हे पाहण्याची एवढी तयार सोय दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मिळत नाही.

पाचच का, असं पालक हमखास विचारतात. पहिल्या पातळीचं पुस्तक चार दिवसांत विभागलं तर दिवसाला साधारण १४०० शब्दांचं वाचन होतं, म्हणजे पंधरा मिनिटं. पाच शब्दांचं काम आणखी दहा मिनिटं. आठवड्याला वीस शब्द होतात. यादीतून दिवसाला पन्नास पाठ करणाऱ्यांपुढे वीस हा आकडा गरीब दिसतो. पण हे वीस रूपांसकट, जोड्यांसकट येतात, आणि त्याच वेळी आधी अर्धवट माहीत असलेले शेकडो शब्द पुन्हा भेटून पक्के होतात. वाचनाचं खरं काम म्हणजे हे पक्कं होणं. उरलेले दोनतीन दिवस पुस्तकाबरोबरचं ध्वनिमुद्रण ऐकण्यात, वही उजळण्यात आणि गोष्ट तोंडी सांगण्यात जावेत.

वही कशी ठेवावी यावर बरंच अवलंबून आहे. चिनी मुलांच्या वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे चिनी अर्थ आणि मधे उभी रेघ असते. ती रेघच काढून टाका. सुटा शब्द लिहायचा नाही, गोष्टीतला तुकडा लिहायचा: ‘बॉरो’ नव्हे तर कुणाकडून काय उसनं घेतलं तो तीन-चार शब्दांचा तुकडा, खाली त्याच प्रकरणात दिसलेली दुसरी रूपं आणि पुस्तकाचा पान क्रमांक. तुकड्यांचा फायदा विशेषणांत लगेच दिसतो. चिनीत पाऊसही ‘मोठा’ आणि वाराही ‘मोठा’. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ आणि वारा ‘स्ट्राँग’. चिनीत चहा ‘दाट’ असतो, इंग्रजीत ‘स्ट्राँग’, आणि आपल्याकडे कडक. हे तर्काने कळणारं नाही, तुकड्यानेच येतं. वहीची उजळणी दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी करावी. उजळताना तुकड्यातला एक शब्द अंगठ्याने झाकून तो आठवायचा. नुसतं वाचून जाणं म्हणजे उजळणी नव्हे.

‘गिव्ह अप’सारख्या जोड्या शिकवताना मराठी शिक्षकाला एक फायदा आहे. चिनीत क्रियापदाला निकाल दाखवणारं शेपूट लागतं: ‘छी’ म्हणजे खाणे आणि ‘छी-वान’ म्हणजे खाऊन संपवणे; ‘खान’ म्हणजे बघणे आणि ‘खान-च्येन’ म्हणजे बघितल्यावर दिसणे. आपण ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’, ‘बघ’ आणि ‘दिसलं’ असा फरक रोज करतो, म्हणून ही रचना आपल्याला चटकन उमगते. ‘ईट अप’ हे ‘छी-वान’सारखं आहे, ‘लुक’ म्हणजे ‘खान’ आणि ‘सी’ म्हणजे ‘खान-च्येन’, एवढं सांगितलं की मुलाच्या चेहऱ्यावर लगेच उजेड पडतो. उजव्या पानावर हे शेपूट बहुतेकदा छापलेलं असतं. ते शोधायला लावा. सगळ्या जोड्या अशा सुटत नाहीत. ‘टर्न डाउन’ म्हणजे नकार देणं, हे तुकड्यानेच लक्षात ठेवावं लागतं.

ध्वनिमुद्रण वगळू नका. चिनी वाचक अक्षराचा आकार एका नजरेत पकडायला लहानपणापासून शिकलेला असतो, आणि तीच सवय तो इंग्रजीत आणतो. शब्द चित्रासारखा साठवला जातो, आतली अक्षरं आवाजाशी जोडली जात नाहीत. मग ‘अडॅप्ट’ आणि ‘अडॉप्ट’ एकच दिसतात, ‘क्वाइट’ आणि ‘क्वायट’ची शेवटची दोन अक्षरं उलटी झालेली कळत नाहीत, ‘कॉन्ट्रिब्यूट’, ‘अ‍ॅट्रिब्यूट’, ‘डिस्ट्रिब्यूट’ एकमेकांत मिसळतात. यावर इलाज कान. आधी वाचायचं, मग ऐकत-ऐकत ओळीखाली बोट फिरवत वाचायचं, शेवटी पुस्तक मिटून ऐकायचं. हा क्रम उलटा केला तर मूल आवाजाच्या मागे फरफटत जातं. चीनच्या मुख्य भूमीवरच्या मुलांत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ती पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत, शिकलेली असतात आणि तिथे क्यू, एक्स, सी या रोमन अक्षरांचे उच्चार वेगळे आहेत. तैवानची मुलं उच्चार दाखवणाऱ्या बोपोमोफो या वेगळ्या चिन्हांवर शिकतात, त्यामुळे रोमन अक्षरं त्यांच्याकडे कोरी येतात. तिथे सुरुवात हळू होते, पण गोंधळ कमी असतो.

मालिका कुठे कमी पडते तेही पाहू. गोष्टींमध्ये जुन्या इंग्लंडचं सामान भरपूर आहे: घोडागाड्या, सराया, मेणबत्त्या, झगे. वातावरण छान उभं राहतं, पण हे शब्द परीक्षेत फारसे उपयोगी पडत नाहीत. उलट हवामानबदल, ऊर्जा, संशोधन, आरोग्य या विषयांवरचे जे उतारे गाओकाओत येतात, त्यांचे शब्द गोष्टींतून मिळत नाहीत. सहावी पातळी संपली तरी २५०० मूळ शब्द होतात, ३५०० नव्हे. चौथ्या पातळीपासून आठवड्याला एकदोन माहितीपर उतारे जोडलेच पाहिजेत. ऑक्सफर्डच्या मूळ मालिकेत ‘फॅक्टफाइल्स’ नावाची माहितीपर पुस्तकं आहेत, ती इथे चांगली बसतात. थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांवर उडी मात्र मारू नये. नेशन यांच्या २००६ च्या मोजणीप्रमाणे तशी कादंबरी शंभरात ९८ समजायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) लागतात.

गोष्टी जिथे थेट कामी येतात असे गाओकाओचे दोन प्रश्न आहेत. नव्या स्वरूपाच्या प्रश्नपत्रिकेत १५० गुणांपैकी २५ गुण अपुरी गोष्ट पुढे लिहिण्याला आहेत. दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं दिलेली असतात आणि सुमारे १५० शब्दांत गोष्ट पूर्ण करायची असते. दुसरा प्रश्न उताऱ्यातल्या १५ गाळलेल्या जागांचा, आणि तो उताराही बहुधा गोष्टीचाच असतो. दोन्हींना हालचालीची आणि भावनेची क्रियापदं लागतात: दचकणं, कुजबुजणं, धावत सुटणं, सुटकेचा श्वास टाकणं. घोकलेल्या यादीतून मूल ‘वेन्ट’ आणि ‘सेड’ यांपलीकडे जात नाही. तिसऱ्या-चौथ्या पातळीची आठ-दहा पुस्तकं झालेल्या मुलाला निवडीला शब्द असतात. सराव असा करा की प्रकरणाच्या शेवटच्या दोन ओळी झाकायच्या, मुलाने पुढचं साठ शब्दांत लिहायचं आणि मग पुस्तकातल्या पुढच्या पानाशी ताडून पाहायचं.

शब्द पाठ करायची मोबाइल अ‍ॅप चीनमध्ये घरोघरी आहेत. चित्रांवर चालणारं ‘पाय-त्स-चान’ आणि विस्मरणाच्या हिशेबाने उजळणी लावणारं ‘मो-मो’ ही त्यांतली दोन मोठी नावं. मालिकेला ती पूरक आहेत, पर्याय नव्हेत. वहीतले वीस शब्द उजळायला अ‍ॅप वापरा. अ‍ॅपने दिलेले अनोळखी शब्द वहीत आणू नका. रोज हजेरी लावून ती मित्रमंडळींना दाखवण्याची, ‘ता-खा’ची, पद्धतही जोरात आहे. ती वाचनाला लावाल तर ‘आज वाचलं’ एवढी खूण पुरेशी मानू नका. गोष्टीतलं एक वाक्य आवाजात नोंदवून पाठवायला सांगा.

विकत घेताना. पुस्तकं सुटी मिळतात आणि साधारण दहा-दहाच्या संचांतही, प्रत्येक पातळीचे दोन-तीन संच. पहिल्यांदा संच घेऊ नका. दोन पातळ्यांची एक-एक सुटी प्रत घ्या, शंभर शब्दांची मोजणी करा आणि मग संच मागवा. फार स्वस्त दिसणाऱ्या नकली प्रतींपासून जपा. त्यांचा कागद इतका पातळ असतो की मागच्या पानाची शाई डाव्या पानावर उमटते, बांधणी आठवड्यात सुटते आणि ध्वनिमुद्रणाचा पत्ता लागत नाही. चिनी मजकूर सरलीकृत लिपीत आहे. सिंगापूर आणि मलेशियातल्या मुलांना तो चालतो. तैवान-हाँगकाँगची मुलं पारंपरिक लिपीत शिकतात, त्यांना उजवं पान अडखळत वाचावं लागतं. त्यांच्यासाठी ऑक्सफर्डची मूळ, फक्त इंग्रजी आवृत्तीच घ्यावी. तिच्यात शेवटी इंग्रजीतून इंग्रजी शब्दार्थ आणि प्रकरणांवरचे प्रश्न असतात, आणि पुठ्ठा लागत नाही.